उजवा जरा कमी

कचरू चक्रनारायण माणूस म्हणून कसा आहे असं विचारलंत तर बोपोडीत तुम्हाला पाच-पन्नास मतं मिळतील. साउंडवाला म्हणून कसा आहे असं विचारलंत तर एकच मिळेल, आणि तेही स्वतः कचरूदादाकडून. "आपल्यासारखा कान पुण्यात नाही," तो सांगतो. पुढे थोडा विचार करून, "पिंपरीत असेल एखादा," अशी सवलत देतो. पिंपरीशी त्याचं भांडण नाही.

त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून नजर लागू नये अशा बेताने आईने त्याचं नाव कचरू ठेवलं. नजर लागली नाही, आवाजाचा नाद मात्र लागला. नोकरी खडकीच्या कारखान्यात; पण ती पोटासाठी. खरा कचरूदादा पाहायचा तर रविवारी सकाळी मैत्री बुद्ध विहाराच्या मागच्या कोपऱ्यात. तिथे एक लाकडी टेबल, टेबलावर आवाजाचा मिक्सर, मिक्सरवर घरून आणलेला भरतकामाचा रुमाल, आणि टेबलामागे हा. मिक्सरला तो नुसतं 'मशीन' म्हणायचा. त्या मशीनकडे एखाद्या पोराने नुसतं बोट दाखवलं, तरी कचरूदादाचे डोळे असे व्हायचे की पोर आपलं बोट जागेवर आहे ना ते बघून घ्यायचं.

इतर साउंडवाले 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतात. याची रीत वेगळी. "मी कचरू बोलतोय. ज्यांना ऐकू येतंय त्यांनी हात वर करा. ज्यांना येत नाही त्यांनीही करा." शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर हा इथून निदान करायचा, "रबर गेलंय." आणि रबर खरंच गेलेलं असलं की पुढचा आठवडाभर त्या घरावरून जाताना मुद्दाम खाकरायचा. नसलं, तर त्या घरचा कुकर मुळात भिकार.

विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर स्पीकरचे दोन बॉक्स. डावा अंगणाकडे तोंड करून, उजवा गल्लीकडे. गल्लीच्या पलीकडे, त्या उजव्या बॉक्सच्या बरोबर समोर, कचरूदादाचंच घर. मधे एक रिक्षा कशीबशी जाईल एवढीच वाट. घराच्या त्या खिडकीत राधावहिनींची खाट. वहिनींचं अर्धं अंग गेलं तेव्हापासून त्या कैक वर्षं त्या खाटेवरच होत्या. वंदना सुरू करून द्यायची, घरी जायचं, वहिनींची कूस बदलायची, परत यायचं, वाचन संपलं की मशीन बंद करायचं, असा कचरूदादाचा रविवार. तक्रार नाही. तक्रार करायला बायको पाहिजे आणि ऐकायला नवरा, असं तो म्हणायचा; आमच्याकडे दोघंही आपापल्या जागी बसलोय.

माघात वहिनी गेल्या.

त्यानंतर कचरूदादा घरातून बाहेर पडेना. मशीनवर रुमाल तसाच राहिला, आणि विहारात कुणीतरी नुसत्या गळ्याने वंदना घेऊ लागलं. आम्ही दोघं-चौघं जाऊन आलो. एरवी आम्हाला बोलू न देणारा माणूस, त्याने आम्हाला बोलू दिलं. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

त्याची मुलगी दीक्षा खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे सगळं ठीक चाललेलं असताना त्यात काय बिघडलंय ते शोधून काढायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. "हे काम आमच्याकडे सासवा फुकट करायच्या," असं कचरूदादा पूर्वी म्हणायचा. ही दीक्षा एका रविवारी आपला जुना लॅपटॉप घेऊन आली.

"बाबा, विहाराचा कार्यक्रम लाइव्ह दाखवू या."

"कुणाला?"

"जे येऊ शकत नाहीत त्यांना. आजारी आहेत, म्हातारे आहेत, लांब गेलेत."

कचरूदादाने खिडकीकडे पाहिलं. मग उठला, आणि पायजमा बदलायला आत गेला.

आषाढात वर्षावास, म्हणजे विहारातला पावसाळ्याचे तीन महिने चालणारा नेम, सुरू झाला तसं प्रक्षेपण सुरू झालं. आणि काय सांगू, आमचा कचरूदादा पुन्हा कचरूदादा झाला! लॅपटॉपला तो 'कॉम्प्युटरसाहेब' म्हणू लागला. मिक्सरमधून एक वायर कॉम्प्युटरसाहेबांच्या पोटात, साहेबांच्या डोक्यावर कॅमेरा, आणि समोर आमचे अध्यक्ष आनंदराव. ते बँकेतून निवृत्त झालेले, पण भाषणातून अजून व्हायचे आहेत. कॅमेरा बघितला की ते 'उपस्थित आणि अनुपस्थित बंधुभगिनींनो' अशी सुरुवात करू लागले.

अनुपस्थितांनीच तक्रार केली. पहिल्या रविवारी पडद्याखाली कुणीतरी लिहिलं, 'आवाज एकाच कानात येतोय.' दुसऱ्या रविवारी तिघांनी लिहिलं. जे मोबाइल टेबलावर ठेवून ऐकत होते त्यांना काही कळत नव्हतं, पण ज्यांनी कानात इयरफोन घातले होते त्यांचं म्हणणं एकच: डावा कान विहारात, उजवा कान पानशेतला.

"इयरफोन उलटे घातले असतील," कचरूदादा म्हणाला.

"उलटे घातले तर उजव्यात जास्त येईल, बाबा."

"मग सरळ घातले असतील. लोकांना कान आहेत, पण वापरायचे कसे ते ठाऊक नाही."

पण मग शर्मिलाताईंचा फोन आला. शर्मिलाताई शाळेत शिकवायच्या, आणि वर्षावासातलं ग्रंथवाचन वर्षानुवर्षं त्यांच्या आवाजात झालेलं. राधावहिनींच्या जिवाभावाच्या. आता मुलाकडे नागपूरला असतात. सून रात्रपाळी करून सकाळी झोपते, म्हणून त्या इयरफोन लावून ऐकतात, आणि त्यांच्या डाव्या कानाचा पडदा गेलेला आहे. उजवा तेवढा शाबूत, आणि इयरफोन कानामागे अडकवायचे, ते उलटे बसत नाहीत.

"कचरू," त्या म्हणाल्या, "मला सगळे हात जोडलेले दिसतात रे. ऐकू काही येत नाही."

फोन ठेवला आणि त्याने स्कूटरची किल्ली उचलली.

मग सुरू झाला तपास. पहिला संशय वायरवर. कचरूदादा मला स्कूटरवर मागे बसवून बुधवार पेठेत घेऊन गेला. तिथे श्याम म्हणून त्याचा जुना दुकानदार आहे, गिऱ्हाइकाकडे न बघता गिऱ्हाइकाचा अपमान करण्याची कला अवगत असलेला.

"उजव्या बाजूला आवाज कमी येतोय," कचरूदादा म्हणाला.

"तुमच्या की मशीनच्या?"

"मशीनच्या. लाइव्हमध्ये."

श्यामने जुन्या वायरची पिन बघितली. तिच्यावर काळ्या कड्या दोन आहेत की एक ते मोजलं. एक असती तर एकाच बाजूचा आवाज पुढे पोचला असता, दोन होत्या. "वायर चांगली आहे."

"तरी नवीन दे."

"चांगली आहे म्हटलं ना."

"अरे, दे!"

"घ्या. वायर बदलून सगळं सुधारत असतं काका, तर मी आधी आमच्या घरी बदलली असती."

नवीन वायर लावली. तपासलं. हेडफोन कानाला लावून कचरूदादाने दोन्ही माइकवर बोलून पाहिलं. दोन्ही कानांत अगदी सारखं! जिलेबी आणली. रविवारी वंदना झाली आणि शर्मिलाताईंचा फोन आला. अजून नाही.

मग कॉम्प्युटरसाहेबांची झडती झाली. दीक्षाने सेटिंग उघडलं. तिथे डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. एक खाली घसरलेली असू शकते. दोन्ही शंभरवर. प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर पाहिलं. त्यातला तोल बरोबर मध्यावर. लॅपटॉप बदलला. मिक्सर आणि लॅपटॉपमधली आवाजाची डबी बदलली. माइक बदलले, माइकचे स्टँडसुद्धा बदलले; स्टँडचा आवाजाशी काय संबंध असं मी विचारलं, तर कचरूदादा म्हणाला, "संशयितांत सगळे येतात. तू काल कुठे होतास?"

आणि दर वेळी तेच. शनिवारी तपासलं की दोन्ही बाजू सख्ख्या जुळ्या. रविवारी वंदना सुरू झाली की उजवी आजारी.

"बाबा, सोपा उपाय आहे," दीक्षा म्हणाली. "दोन्ही बाजू मिसळून एकच करून टाकते. एक खूण केली की झालं. दोन्ही कानांत सारखंच जाईल."

"आणि बिघाड?"

"तो राहील. पण कळणार नाही."

"म्हणजे ताप मोजायचा नाही आणि म्हणायचं, उतरला. माझ्या मशीनला असलं काही करायचं नाही."

"शर्मिलामावशींना ऐकू येईल हो!"

"येईल. नीट करूनच येईल."

हा त्याचा हट्ट. मला वाटतं शर्मिलाताईंपेक्षाही तो बिघाडच त्याला जास्त लागला होता. कधीकधी मी विहाराजवळून जायचो तर आत हा एकटा, मिक्सरवरचा रुमाल बाजूला करून, हेडफोन लावून, "डावा... उजवा... डावा... उजवा..." म्हणत बसलेला. कवायत घेणाऱ्या मास्तरासारखा. समोर फक्त बुद्ध, आणि त्यांनी डोळे मिटलेले.

शेवटी आनंदराव आले. अध्यक्ष घरी येतात तेव्हा बातमी चांगली नसते.

"कचरू, आपण इतकी वर्षं जी सेवा केलीत, तिचा समितीला सन्मान करायचा आहे."

"आनंदराव, सन्मान राहू द्या. सन्मान झालेल्या माणसाला परत बोलावत नाहीत."

"तसं नाही. पण आश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या समाप्तीला भन्तेजी येणार. बाहेरगावचे शेकडो लोक बघणार. पिंपळे गुरवला ऋषी म्हणून एक मुलगा आहे, त्याच्याकडे सगळं अद्ययावत आहे. पौर्णिमेपर्यंत तुमचं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर पुढच्या रविवारपासून तो बसेल. आपणही थकलात."

"मी थकलो असं कोण म्हणालं?"

"आपलं वय."

"ते मला काही बोललं नाही."

आनंदराव गेले. कचरूदादा खाटेच्या कडेला बसला. खाट अजून तिथेच होती, खिडकीपाशी, वरची चादर घडी न मोडलेली. तो मला म्हणाला, "मशीन नेलं तर नेऊ दे रे. पण रविवारी सकाळी मी बसू कुठे, ते सांग. इथे?"

आयुष्यभर लोकांना हसवून पोट भरलेला मी माणूस. आणि त्या खोलीत मी चपला शोधत उभा राहिलो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दीक्षाने सगळी जुनी रेकॉर्डिंग काढली. नुसती ऐकली नाहीत; आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून पाहिली. वर डावी बाजू, खाली उजवी. आणि मग वडलांना हाक मारली.

"हे बघा. तुमचं 'मी कचरू बोलतोय'. दोन्ही रेघा सारख्या. आनंदकाकांचं स्वागत, सारख्या. आणि हे, इथे वंदना सुरू होते. तिथे उजवी खाली जाते. आता मागचा रविवार. वंदनेलाच. त्याच्या मागचा. वंदनेलाच."

"मग?"

"बाबा, मशीन इतकं वक्तशीर बिघडत नाही. उद्या मी घरून नाही बघणार. तुमच्या शेजारी बसणार."

"बस. पण हात लावायचा नाही."

पौर्णिमेला विहार भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दाराबाहेर चपलांचा डोंगर. मी मागे, टेबलाजवळ. ऋषी नावाचा तो मुलगाही येऊन भिंतीला टेकून उभा होता. गोड मुलगा. पण कचरूदादाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं यजमान धडधाकट असताना दारात तिरडीचं सामान टाकलंय. मग हेडफोन लावून त्याने तपासणी केली. दीक्षाने ती पुन्हा केली. सारखं. मिक्सरवर शेवटी दोन फेडर असतात, वर-खाली सरकणाऱ्या खुंट्या, एक डाव्या बाजूचा सगळा आवाज सांभाळणारी, एक उजव्या. दोन्ही शेजारी शेजारी, एका उंचीवर. मशीन बंद करताना दोन्ही तळाला आणायच्या आणि तपासताना पुन्हा सारख्या वर न्यायच्या, ही त्याची जुनी सवय. बॉक्सना जाणारा आवाज त्यांच्यातूनच, आणि कॉम्प्युटरसाहेबांना जाणाराही त्यांच्यातूनच.

भन्तेजी आसनावर बसले. वंदनेसाठी सगळे गुडघ्यांवर आले. विहारात शिरताना माणूस टोपी काढतो. कचरूदादाच्या लेखी हेडफोन म्हणजे टोपीच, त्यामुळे वंदना सुरू होण्याआधी तो डोक्यावरून उतरवून बाजूला ठेवायचा. म्हणजे बिघाड ज्या घटकेला यायचा, त्याच घटकेला आमच्या पुण्यातल्या अद्वितीय कानावर काहीच नसायचं. वाचन चालू असतानाही तो हेडफोन लावत नसे. कानात काही घालून ग्रंथ ऐकणं म्हणजे पाठ करून बसणं, असं तो मानायचा.

पहिला स्वर लागला. सगळ्यांचे डोळे मिटले, सगळ्यांची तोंडं समोर. साउंडवाल्याकडे त्या वेळी कोण बघतो? कधीच कुणी बघितलं नव्हतं. आज दीक्षा बघत होती, आणि तिच्यामुळे मी.

कचरूदादानेही डोळे मिटले. डावा तळहात छातीशी धरला, अर्धा नमस्कार. उजवा हात मिक्सरवर होता. तो हात आपसूक सरकला, त्याने उजव्या फेडरवर दोन बोटं ठेवली, आणि हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसा तो खाली आणला. मग तोही हात छातीशी गेला. नमस्कार पुरा झाला.

दीक्षाच्या हेडफोनमध्ये उजवी बाजू गेली असणार. पण तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती गल्लीकडच्या भिंतीकडे बघत होती, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं.

वहिनींना मोठा आवाज सोसायचा नाही. डोकं फुटायचं. पण वंदना बंदही नको असायची. मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलंय: "अहो, आवाज यावा, पण अंगावर येऊ नये." बायका उजवीकडे, गल्लीकडच्या खिडक्यांपाशी बसतात, त्या कैक वर्षं म्हणायच्या, आमच्याकडे कमी येतो, हा म्हणायचा, पुढे सरका. आम्हाला वाटायचं, अहंकार.

"बाबा," दीक्षा अगदी हळू म्हणाली. "हात."

त्याने डोळे उघडले.

"काय?"

तिने नुसतं बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मशीनकडे बोट दाखवलं आणि तो रागावला नाही. दोन फेडर. डावा वर, उजवा खाली. तो बघत राहिला. कोणी केलं असा चेहरा झाला त्याचा आधी. ऋषीकडेसुद्धा एकदा पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटा-सुलटा करून.

"मी?" तो म्हणाला.

"हो."

"दर वेळी?"

दीक्षाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती टेस्टर आहे, तिने एवढंच म्हटलं, "वर घ्या, बाबा. शर्मिलामावशी ऐकतायत."

त्याने बोटं ठेवली. ठेवली खरी, पण फेडर काही हलेना. हलायला काय, काडीइतका हलका असतो. समोर सगळा विहार एका सुरात म्हणत होता, आणि हा माणूस सगळं वजन एका बोटावर आणून बसला होता. शेवटी त्याने तो वर ढकलला. बाहेर गल्लीकडचा बॉक्स एकदम मोठ्याने बोलू लागला. समोरच्या खिडकीत सरळ गेला असणार तो आवाज. त्या घरात कुणी दचकलं नाही. दचकणारं कुणी नव्हतंच.

पडद्याखाली भराभर लिहून येऊ लागलं: आता मस्त. दोन्ही कानांत. साधु साधु. नागपूरहून एक जोडलेल्या हातांचं चित्र आलं.

कार्यक्रम संपल्यावर आनंदराव धावत आले. "कचरू, जमलं हो! काय बिघाड होता?"

"किरकोळ," कचरूदादा म्हणाला. "लूज कॉन्टॅक्ट."

"मग आता ऋषीला आणायचा प्रश्नच नाही. आपणच बसायचं!"

कचरूदादाने मिक्सरवर रुमाल घातला, कडा सारख्या केल्या, आणि कपाटाची किल्ली ऋषीच्या हातात दिली. "मशीन उत्तम आहे," तो त्याला म्हणाला. "दोन्ही सारखे ठेव. कुणी सांगितलं तरी कमी करू नकोस."

आनंदरावांना काही कळलं नाही. त्यांनी सन्मानाची शाल मागवली.

त्याच्या पुढच्या रविवारी वंदना सुरू झाली आणि मी विहारात न जाता गल्ली ओलांडली. दीक्षा येऊन गेली होती. ओट्यावर डबा झाकलेला होता. खिडकी बंद होती, कडी लावून, वर गोधडी लटकवून. तरी त्या भिंतीतून, काचेतून, गोधडीतून आवाज धडाधड आत येत होता. भांडी थरथरत होती. कचरूदादा खाटेवर नव्हता. खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसला होता, हात मांडीवर. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवरून गुडघ्याकडे सरकत होती. परत वर जायची, परत सरकायची.

"सांगू का त्या ऋषीला?" मी विचारलं. "जरा कमी कर म्हणून?"

"नको," तो म्हणाला. "बरोबर आहे तो."